पिएझो चिकटवण्याआधी

वस्तूची कंपनं थेट पकडणारा कॉन्टॅक्ट माइक करायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच-सहा पिएझो चकत्या (कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या) आणल्या, तेव्हा वाटलं, झालं काम. 27 मिलिमीटरची पितळी चकती, वर पांढरा सिरॅमिकचा थर. बझरमध्ये असते तीच. घरी येऊन वायरी जोडल्या, सोसायटीच्या लोखंडी फाटकावर चकती सेलोटेपने लावली आणि हेडफोन घातले. ऐकू काय आलं, तर पत्र्याच्या डब्यात कोंडलेली माशी.

घोटाळे दोन होते. पिएझोचा इम्पिडन्स (बदलत्या विजेला होणारा अडथळा) जबर असतो, त्यामुळे रेकॉर्डरच्या साध्या माइक इनपुटला तो जोडला की खर्ज गळून जातो. किमान 1 मेगाओहमचं इनपुट हवं. गिटारचं हाय-झेड (जास्त इम्पिडन्सचं) इनपुट असेल तर उत्तम, नसेल तर मध्ये एफईटीचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) छोटा बफर, म्हणजे सिग्नल न गळू देता पुढे देणारं सर्किट, लावा. दुसरा घोटाळा सेलोटेपचा. चकती कडेला चिकटलेली आणि मध्ये अधांतरी, म्हणजे फाटकापेक्षा तीच जास्त खडखडणार. फोमची डबलटेपही नको. फोम वरचे सूर पिऊन टाकतो.

मग पातळ डबलटेप आणली आणि मित्राच्या मिरजेच्या तंबोऱ्यावर वापरली. आवाज झकास आला. टेप काढताना मात्र नखाएवढं पॉलिश तिच्यासोबत आलं. मित्र काही बोलला नाही, हे जास्त लागलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या वाद्याला फक्त ब्लू-टॅक (पुन्हा काढता येणारी चिकट पुट्टी) किंवा मधमाशीचं मेण, तेही आधी कोपऱ्यात लावून बघून. हरभऱ्याएवढा गोळा मळायचा आणि चकतीखाली दाबून अगदी पातळ करायचा. जाड राहिला की आवाज बसलाच. जागा शोधायला वेळ द्या. घोडीला (तारा टेकतात त्या पट्टीला) खेटून लावली तर जवारी, म्हणजे तारांची झणझण, कानात टोचते, भोपळ्यावर लावली तर सगळं घुमं होतं. मला तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी फळीवर) घोडीपासून चार बोटं अंतर मानवलं. आधी बोटाने दाबून धरून ऐका, मगच चिकटवा.

लोखंडाला मी छोटा क्लॅम्प लावतो. गंज आणि सुटलेला रंग पॉलिशपेपरने घासून काढायचा. क्लॅम्पचा जबडा थेट सिरॅमिकवर आला तर चकती तडकते, म्हणून मध्ये चामड्याचा तुकडा. (माझ्या दोन तडकल्या.) सोल्डरिंगही झटपट उरका, जास्त तापलं की सिरॅमिकचा पिएझो गुणच जातो.

सगळ्यात छळते ती वायर. वाऱ्याने हलून घासली की रेकॉर्डिंगमध्ये तीच ऐकू येते. चकतीपासून वीतभर अंतरावर, थोडा ढिला वळसा ठेवून, ती त्याच पृष्ठभागावर पक्की करा. वायर शिल्डेडच (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या आणि शिल्ड पितळेला जोडा, नाहीतर घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण फुकट मिळते.

एवढं शिकून पुन्हा त्याच फाटकाकडे गेलो. रात्री अकराला क्लॅम्प आवळून, हेडफोन घालून उकिडवा बसलो होतो. वॉचमनकाका टॉर्च घेऊन आले, वायरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काय हो, फाटकाला ताप आलाय काय?"