जुनं घड्याळ ‘नवीन’ करायला जाऊ नका

सारखं कोणीतरी विचारतं, आजोबांची ओमेगा आहे, विकायच्या आधी पॉलिश करून घेऊ का? नका हो! किंमत टिकते ती मूळ डायल, मूळ काटे आणि केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, मूळ धारांमुळे, चकाकीमुळे नाही.

ओळखीतल्या एकाकडे साठच्या दशकातली ओमेगा सीमास्टर होती, डायल हळूहळू तपकिरी झालेली, एक कलेक्टर तर हात धुऊन मागे लागला होता. मी बजावलं, जशी आहे तशी दे. पण भाऊला घाई, एका दुकानात टाकून आला, परत आली तेव्हा पट्टा अडकतो त्या लग्जच्या धारा घासून गुळगुळीत, डायल खरवडून पांढरीशुभ्र रंगवलेली आणि ओमेगाची अक्षरं फुगलेली. कलेक्टरने फोटो बघितले आणि विषय संपला. आता ती मूळ डायल आणणार कुठून, घासून गेलेला धातू काय परत उगवतो?

दुसरी चूक उलट बाजूची, म्हणजे अशीच रंगवलेली घड्याळं ‘व्हिंटेज’ म्हणून घेणं. बाहेरचे कलेक्टर यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आपलंच नाव खराब. फाव्र-ल्यूबा या स्विस कंपनीची सी चीफ तर भडक निळ्या-केशरी डायलमध्ये ढिगाने मिळते. मी आधी भिंगातून छपाई बघतो, मग किंमत विचारतो. अंधारातही नेऊन बघा. त्या काळच्या काट्यांवरच्या चमकत्या रंगात ट्रिटियम हा किरणोत्सारी पदार्थ असायचा, त्याचं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) साधारण 12 वर्षं, त्यामुळे 1965 च्या घड्याळाचे काटे रात्रभर लख्ख चमकत असतील तर तो रंग नंतर भरलाय.

हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनची रोलेक्स डेटोना 2017 मध्ये न्यूयॉर्कला 1 कोटी 77 लाख डॉलरला गेली, हे सांगून आपल्या रोलेक्स डेटजस्टचा भाव वाढवू नका. ते पैसे त्याच्या मनगटाचे होते, आणि मागच्या झाकणावर बायकोने कोरून घेतलेल्या ओळीचे.

2022 च्या सुरुवातीचे भाव धरून हिशोब करू नका, तेव्हा बाजार चढला होता, नंतर उतरला. डबा-कागद फेकू नका. जुन्या घड्याळावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून पोहायला जाऊ नका.

सर्व्हिसिंगला देताना पावतीवरच लिहून घ्या: पॉलिश नको, डायल-काटे बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा. दुकानदार कुरकुरला तर घड्याळ उचलून दुसरीकडे जायचं.