पोस्टरसमोर उभं राहताना: पहिल्या परिषदेला निघालेल्यांसाठी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, एका वैज्ञानिक परिषदेत, मी एका मुलीच्या पोस्टरसमोर, म्हणजे तिचं संशोधन मांडलेल्या फलकासमोर, थांबले आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "हे तर आधीच झालंय ना?" ती काहीच बोलली नाही. डाव्या कोपऱ्यातला तक्ता दाखवायला तिने हात उचलला होता, तो तसाच खाली आला. भोवती चार-पाच जण होते, त्यातले दोघं पुढच्या पोस्टरकडे सरकले. संध्याकाळी हॉल रिकामा झाल्यावर मी परत गेले आणि तो तक्ता नीट वाचला. ज्या जुन्या कामाचा मी दाखला दिला होता, त्याच कामातली चूक तिने शोधून काढली होती. तक्त्याखाली तिसऱ्या ओळीत तसं स्पष्ट लिहिलंही होतं.

दुसऱ्या दिवशी तिला गाठून माफी मागितली. तिनेही ती मोठ्या मनाने स्वीकारली. पण निघून गेलेले ते दोघं काही परत आले नाहीत, आणि कदाचित त्यातल्याच एखाद्याच्या लॅबमध्ये तिला पुढे काम करायचं असेल, हा विचार मला बरेच दिवस छळत होता.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पोस्टर आधी पूर्ण वाचायचं, मग तोंड उघडायचं. आणि शंका तीच असली तरी "आधीच्या कामापेक्षा यात वेगळं काय केलंय, ते सांगाल का?" असं विचारायचं. समोरच्याला बोलायला जागा मिळते. काम खरंच जुनं असेल तर तेही दोन मिनिटांत कळतं, आणि चार लोकांसमोर कुणाची मान खाली जात नाही.

भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत हे जास्त अवघड होतं, कारण तिथे सगळा हॉल ऐकत असतो. ११ जानेवारी १९३५ ची रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तेव्हा २४ वर्षांचे होते. एका ठरावीक वस्तुमानापेक्षा जड तारा इंधन संपल्यावर श्वेतबटू, म्हणजे छोटा आणि अतिशय दाट तारा, होऊन स्थिरावू शकत नाही, हे त्यांनी गणिताने मांडलं. ती मर्यादा आज सूर्याच्या साधारण १.४ पट धरतात. त्यांच्या पाठोपाठ त्या काळचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन उठले आणि तारा असा विचित्र वागू नये म्हणून निसर्गाचा एखादा नियमच असायला हवा, असं म्हणून त्यांनी सगळा सिद्धांत हास्यास्पद ठरवला. लोक हसले. त्याआधी कित्येक महिने एडिंग्टन चंद्रशेखरांकडे जाऊन गणित कुठवर आलं याची चौकशी करत होते, पण आपला विरोध आहे हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. खासगीत चंद्रशेखरांचं बरोबर आहे म्हणणारे मोठे भौतिकशास्त्रज्ञ होते. एडिंग्टनसमोर ठामपणे, उघडपणे मात्र त्यांनी ते म्हटलं नाही. १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवरचं पुस्तक पूर्ण करून चंद्रशेखर दुसऱ्या विषयाकडे वळले. नोबेल मिळालं ते १९८३ साली.

एडिंग्टन यांनी विरोध केला, यात मला काहीच गैर वाटत नाही. विज्ञान विरोधावरच चालतं. खटकतं ते हे, की त्यांनी आपला आक्षेप हॉल भरेपर्यंत राखून ठेवला. कुणाच्या कामात मोठी चूक दिसली, तर ती त्याला आधी कळू द्या. वेळ नसेल आणि सगळ्यांसमोरच बोलावं लागलं, तर नेमक्या समीकरणावर, नेमक्या आकृतीवर बोट ठेवा. "तुमचा सगळा दृष्टिकोनच चुकलाय" यातून वक्त्याच्या हाती काही लागत नाही. "चौथ्या स्लाईडवरचं गृहीतक लहान नमुन्याला लागू होतं का?" याचं उत्तर देता येतं, आणि नाही देता आलं तरी घरी जाऊन शोधता येतं.

प्रश्न विचारायचा तर आधी नाव सांगा, एकच प्रश्न विचारा आणि खाली बसा. "हा प्रश्न नाही, एक टिप्पणी आहे" असं म्हणून स्वतःच्या कामाबद्दल तीन मिनिटं बोलणारे प्रत्येक परिषदेत भेटतात. ती तीन मिनिटं वक्त्याच्या वाट्याची असतात.

माईकबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय. "माझा आवाज मोठा आहे, माईक नको" असं म्हणणारे लोक भले असतात, त्यांना वाटतं आपण वेळ वाचवतोय. पण ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या श्रवणयंत्राला जोडलेली यंत्रणा, पडद्यावर उमटणारी अक्षरं, ऑनलाईन ऐकणारे लोक आणि पुढे रेकॉर्डिंग पाहणारे, या सगळ्यांपर्यंत फक्त माईकमधला आवाज पोचतो. माझ्या एका सहकाऱ्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. एकदा दिवसभराच्या सत्रांनंतर तो म्हणाला, "आज मी सगळी उत्तरं ऐकली, प्रश्न एकही नाही." तेव्हापासून मी माईक हातात येईपर्यंत थांबते. हॉलमध्ये माईक नसलाच, तर वक्त्याने उत्तर देण्याआधी प्रश्न पुन्हा सांगावा.

सत्राध्यक्ष व्हायची वेळ तुमच्यावर वाटतं त्यापेक्षा लवकर येईल. वक्त्याच्या नावाचा उच्चार त्यालाच आधी विचारून घ्या. वेळ सगळ्यांना सारखी द्या, ज्येष्ठांनाही. आणि पहिला प्रश्न कुणाला द्यायचा हे विचार करून ठरवा. २०१८ साली 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १० देशांतल्या ३५ संस्थांमधली २४७ व्याख्यानं प्रत्यक्ष बसून पाहिली होती. श्रोत्यांतल्या एखाद्या स्त्रीने प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषाच्या तुलनेत अडीच पटींनी कमी निघाली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर पुढे स्त्रियांचे प्रश्न आणखी कमी होत होते. हे वाचल्यापासून मी सत्र चालवताना पहिला हात वर गेला की लगेच त्याच्याकडे वळत नाही. पाच सेकंद थांबते, मागच्या रांगा बघते. त्या पाच सेकंदांत बहुतेक वेळा आणखी दोन-तीन हात वर येतात.

हॉलबाहेर, चहाच्या सुट्टीत, नवख्या माणसाची खरी परीक्षा असते. सगळे गोल करून उभे असतात आणि आपण कपात बघत भिंतीशी. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रॅमरने यासाठी पॅकमॅनचा नियम सुचवलाय: घोळक्यात उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची, त्या व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडासारखी. कुणी आलं की थोडं सरकून पुन्हा जागा करायची. आलेल्याला विषय काय चाललाय तेही एका वाक्यात सांगा, आणि त्याला न येणाऱ्या भाषेत बोलत असाल तर भाषा बदला. एखादी संशोधक तिच्या गाईडबरोबर किंवा सहकाऱ्याबरोबर उभी असेल, तर तिच्या कामाबद्दलचा प्रश्न तिलाच विचारा.

स्लाईडचे फोटो काढण्याआधी विचारा. अप्रकाशित आकडे तर परवानगीशिवाय कुठेच टाकू नका.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. बहुतेक परिषदांची आचारसंहिता असते आणि नोंदणी करताना ती न वाचताच आपण खूण करतो. ती वाचा. तक्रार कुणाकडे करायची, त्या लोकांची नावं आणि नंबर त्यात असतात. ते फोनमध्ये घालून ठेवा. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या पृथ्वी आणि अवकाश अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१७ साली छळ, भेदभाव आणि दमदाटी यांना वैज्ञानिक गैरवर्तनात धरलं, म्हणजे आकडे बनवण्याच्या किंवा दुसऱ्याचं लेखन चोरण्याच्या रांगेत आणून बसवलं. मला हे अगदी योग्य वाटतं. घाबरून विषय सोडून गेलेल्या माणसाचं काम विज्ञानाच्या हातून कायमचं जातं.

कुणी ज्येष्ठ माणूस नोकरीबद्दल बोलायला रात्री हॉटेलच्या खोलीवर बोलावत असेल, तर "उद्या सकाळी हॉलमध्ये भेटू" म्हणणं पूर्णपणे रास्त आहे. तुमच्या कामात खरा रस असलेला माणूस सकाळी येतो. काही विपरीत घडलंच तर त्याच रात्री तारीख, वेळ, बोललेले शब्द लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, विश्वासातल्या एकाला तरी सांगा. आणि दुसऱ्या कुणाबरोबर असं घडताना दिसलं, तर जवळ जाऊन इतकंच विचारा, "माझ्याबरोबर येतेस का?" माझ्यासाठी एकदा एका अनोळखी मुलीने हे केलं होतं. तिचं नावही मला माहीत नाही, पण तो प्रश्न तिने कसा सहज विचारला ते अजून आठवतं. तक्रार करायची की नाही हे जिच्यावर बेतलं तिला ठरवू द्या. तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय कुठे बोलू नका.

गेल्या परिषदेत माझ्या विद्यार्थिनीचं पहिलं भाषण होतं. आदल्या संध्याकाळी त्याच विषयातले एक ज्येष्ठ संशोधक तिला शोधत आले. म्हणाले, "तुझा सारांश वाचला. दुसरं गृहीतक मला पटत नाही, उद्या मी त्यावर विचारणार आहे." ती घाबरली, रात्री उशिरापर्यंत बसली, एक जादा स्लाईड करून ठेवली. दुसऱ्या दिवशी भाषण संपल्यावर ते उठले, माईक घेतला आणि तोच प्रश्न विचारला. तिने ती स्लाईड लावली. त्यांना ती पटली नाही. दोघांची जुंपली ती सत्राध्यक्षांनी वेळ संपल्याचं कार्ड दाखवेपर्यंत, आणि मग उरलेलं बोलणं संपवायला दोघं हॉलबाहेर गेले.