वायर, बटाटे आणि अजिंक्यतारा : पहिला डिजिटल पाठ घेणाऱ्या छात्राध्यापकांसाठी

माझा पहिला डिजिटल पाठ ३५ मिनिटांच्या तासिकेचा होता. त्यातली १३ मिनिटं वायरीत गेली. शाळेचा प्रोजेक्टर जुना, त्याला व्हीजीए. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. आणि दोघांना जोडणारा कन्व्हर्टर घरी, टीव्हीच्या मागे. शिपाई मामांनी दुसऱ्या इमारतीतल्या कॉम्प्युटर रूममधून एक आणून दिला, तोवर सातवीतली ४३ मुलं माझ्याकडे बघत होती आणि शेवटच्या बाकावर निरीक्षण वह्या उघडून बसलेल्या माझ्या चार मैत्रिणी घड्याळाकडे. मेथडच्या मॅडमनी शेऱ्यात लिहिलं, 'साहित्य भरपूर. विद्यार्थी काय करत होते?'

लाज जरा जास्तच वाटली, कारण बी.एड.ला यायच्या आधी मी दोन वर्षं सेतू केंद्रात काम केलंय. दिवसभर फॉर्म भरणं, दाखले स्कॅन करणं, फोटो ५० केबीच्या आत आणणं. कॉलेजात कुणाचाही लॅपटॉप अडला की हाक मला. शिवाय पेपरात टीपॅकवर उत्तरही लिहून झालं होतं. टीपॅक म्हणजे शिक्षकाला काय काय यायला हवं ते सांगणारी, पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली आशय, अध्यापनपद्धती आणि तंत्रज्ञान अशी तीन वर्तुळं. वर्तुळं अगदी गोल आली होती. वर्गात मात्र तिसऱ्यानं बाकीची दोन गिळली.

आंतरवासिता, म्हणजे बी.एड.चा शाळेतला सराव, संपेपर्यंत असे सात पाठ झाले. पहिल्या वर्षाच्या मुली विचारतात म्हणून लिहून ठेवतेय.

आदल्या दिवशी वर्ग बघून या

पाठ ज्या वर्गात आहे त्याच वर्गात, त्याच वेळी जा. सकाळी ११ला आमच्या वर्गात फळ्याच्या भिंतीवर थेट ऊन येतं, हे संध्याकाळी पाच वाजता कसं कळणार? पडदे नसतील तर कपड्याच्या दुकानातले रिकामे खोके मागून आणा आणि पुठ्ठे खिडकीत उभे करा. प्लग चालू आहे का, हे मोबाइलचा चार्जर लावून बघा. फळ्याशेजारचा प्लग बहुतेक वेळा मेलेला असतो आणि जिवंत प्लग दाराजवळ असतो, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड पाच मीटरचा तरी घ्या. वायर वाटेत असेल तर चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवा, कोणी ना कोणी अडखळतंच.

कन्व्हर्टर वापरणार असाल तर एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. प्रोजेक्टरला स्पीकर असला तरी तो मुका राहतो. छोटा स्पीकर वेगळा न्या.

आता फॉन्ट. मैत्रिणीनं रात्रभर जागून श्रीलिपीत स्लाइड्स केल्या. शाळेच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे 'समोच्च रेषा'च्या जागी रोमन अक्षरं आणि कंसांची खिचडी उमटली. सेतू केंद्रात हे दृश्य मी रोज बघायचे. टाइप युनिकोडमध्येच करा आणि वर पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. अक्षर ३२च्या खाली नको. शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचून बघा.

आणि व्हॉट्सॲप वेब बंद करा. माझ्या दुसऱ्या पाठाला भिंतीवर, सह्याद्रीच्या बरोबर मधोमध, 'येताना कडीपत्ता आण' असा आईचा निरोप झळकला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं तो मोठ्यानं वाचला.

पडदा कशासाठी, हे पाठाच्या टाचणात एका वाक्यात लिहा

हे वाक्य लिहिता आलं नाही तर प्रोजेक्टर कपाटातच राहू द्या. 'पाठ मनोरंजक व्हावा' हे कारण नव्हे, मी ते तीन टाचणांत लिहिलंय. कारण असं असावं : फळ्यावर किंवा हातात जे दाखवता येत नाही, ते. अडीचशे शब्दांची व्याख्या भिंतीवर पाडून मुलांना वहीत उतरवायला लावणं म्हणजे विजेवर चालणारा फळा. मी हेही केलंय.

टाचण चॅटजीपीटीकडूनही लिहून मिळतं. मी एकदा घेतलं. मराठी ठीकठाक होतं, पायऱ्या क्रमात होत्या, पण डोंगराचं उदाहरण म्हणून आल्प्स होता. आमची शाळा साताऱ्यात, वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा किल्ला दिसतो.

म्हणून माझा सगळ्यात बरा (आणि सगळ्यात चुकलेलाही) पाठ नीट सांगते.

अजिंक्यतारा भिंतीवर

सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा पाठ आहे. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणं जोडणारी रेषा, ही व्याख्या मुलं दहा मिनिटांत पाठ करतात. पण नकाशावरची ती वेटोळी बघून डोळ्यांपुढे डोंगर उभा राहत नाही. फळ्यावर मलाही तो उभा करता येत नाही. इथं पडद्याचं काम होतं.

गुगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. शाळेत नेट नसेल तर आदल्या रात्री घरी लॅपटॉपवर दाखवायचा भाग सावकाश फिरून घ्या. वरून, चारी बाजूंनी, जवळून, लांबून. तेवढी चित्रं मशिनमध्ये साठतात आणि दुसऱ्या दिवशी नेटशिवायही दिसतात. सर्व्हर सापडत नाही असा निरोप आला तर घाबरू नका. तरीही चार-पाच स्क्रीनशॉट जवळ असू द्या, मी साठवणीवर पूर्ण विसंबत नाही.

सुरुवात वरून करा, नकाशासारखी. नाव सांगू नका. मी फक्त 'हे काय आहे?' एवढंच विचारलं. अर्ध्या मिनिटात पोवई नाका सापडला, मग एसटी स्टँड, मग राजवाडा. एकाला स्वतःच्या घराचा पत्रा दिसला, तो बरोबर होता की नाही देव जाणे. मग किल्ल्यावर आले. वरून बघताना तो नुसता हिरवा-तपकिरी डाग. 'यात चढ कुठे आहे?' विचारलं तर सगळे गप्प. तेव्हा दृश्य तिरकं केलं आणि डाग उभा राहिला. वर्गातून जो आवाज आला त्यासाठी एवढा खटाटोप करावा.

कर्सर जिथे असेल तिथली उंची खाली कोपऱ्यात आकड्यात दिसते. एका मुलीला माउस दिला, दुसरा आकडे वाचत होता, तिसरी फळ्यावर लिहीत होती. मी बाजूला उभी. सात पाठांत पहिल्यांदाच माझा हात माउसवर नव्हता.

इथवर छान. पण आदल्या रात्री मी एक आगाऊपणा केला होता. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात थ्रीडी व्ह्यू, तिथे उंची ताणून दाखवायची एक सोय असते. ती १ वर असते. मी ३ केली. किल्ला कसा रुबाबदार दिसायला लागला! वर्गात मात्र किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीतून येणारा एक मुलगा मान हलवत होता.

"मॅडम, ह्यो आपला किल्ला न्हाय."

"अरे, आपलाच आहे. टॉवर बघ."

"टॉवर हाय. पण येवढा उभा न्हाय. मी आज्ज्यासंगं शेरडं घिऊन जातो की वर."

मी आकडा १ वर आणला. किल्ला बसला. "आता हाय," तो म्हणाला. निरीक्षण वह्यांत माझ्या मैत्रिणींनी काय लिहिलं ते मी अजून विचारलेलं नाही. तुम्ही मात्र तो आकडा आधी तपासा. आणि शक्यतो मुलांनी पायाखाली घातलेली जागाच निवडा. आल्प्स असता तर मला कुणीच पकडलं नसतं.

१२ मिनिटांनी पडदा बंद

खरोखर बंद. प्रोजेक्टर चालू ठेवून हातानं काही करून घेता येत नाही, मुलं भिंतीकडेच बघतात.

दर पाच मुलांत एक अर्धा बटाटा. सपाट बाजू खाली. दोन अगरबत्तीच्या काड्या (मसाला खरवडून काढलेल्या) वरून खाली आरपार उभ्या खोचायच्या आणि काढून घ्यायच्या. मग एक-एक सेंटिमीटरचे आडवे काप. काप मी घरूनच करून नेले होते, ४३ मुलांच्या हातात सुऱ्या देण्याइतकी मी शूर नाही. सगळ्यात मोठा काप कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची आणि काड्यांच्या भोकांतून दोन टिंबं द्यायची. पुढचा काप त्याच टिंबांवर भोकं जुळवून ठेवायचा. काड्या नसतील तर काप सरकतात आणि रेषा एकमेकींना छेदतात, म्हणजे एकाच जागेला दोन उंची. बटाट्याची एक बाजू उभी, दुसरी उतरती असेल असाच निवडा. एकीकडे रेषा दाटीनं येतात, दुसरीकडे ऐसपैस.

यानंतर पडदा पुन्हा लावा, पण आता मुलांच्या कागदांसाठी. मोबाइलनं फोटो काढून तो लॅपटॉपवर घ्यायचा आणि भिंतीवर लावायचा. स्वतःचा बटाटा भिंतीवर आला की मूल जे बोलतं ते गुगल अर्थ बघून बोलत नाही. 'इथं आमची पेन्सिल हलली' असं एका गटानं आपणहून कबूल केलं. महागडा डॉक्युमेंट कॅमेरा मागायची काही गरज नाही.

कळलं का, हे कागदाच्या पत्त्यांनी विचारा

प्लिकर्स नावाची सोय आहे. मुलांकडे मोबाइल लागत नाही, एकट्या शिक्षकाचा पुरतो. प्रत्येक मुलाला काळ्या चौकड्यांचा एक पत्ता, प्रत्येकाचा नमुना वेगळा. पत्ता जसा फिरवून धराल तसं उत्तर अ, ब, क किंवा ड. बाई मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुणी काय उत्तर दिलं ते दिसतं. शेजाऱ्याचा पत्ता बघून नक्कल होत नाही. ४० आणि ६३ पत्त्यांचे संच मिळतात. आम्हाला मोठा लागला. पत्ते जाड कागदावर छापा, पण लॅमिनेट करू नका, चकाकी मारते आणि कॅमेरा वाचत नाही. बोटं काळ्या भागावर आली तरी वाचत नाही. पहिली पाच मिनिटं नुसतं धरायला शिकवण्यात जातील, तेवढी टाचणात धरा.

मी विचारलं : समोच्च रेषा दाट असतील तर तिथे काय असतं? १९ जणांनी उत्तर दिलं, 'जमीन जास्त उंच असते.' तोंडी विचारलं असतं तर नेहमीच्या चार हातांनी 'तीव्र उतार' सांगितलं असतं आणि मी खुशीत पुढे गेले असते. चूक का झाली तेही समजलं. मीच ताणलेला किल्ला दाखवला होता, उंच आणि उभा एकदमच.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडून १५ मिनिटं मागून घेतली. या वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरला. गुगल अर्थ प्रोमध्ये साताऱ्यापासून यवतेश्वरमार्गे कासपर्यंत रस्त्यावरून रेघ ओढली. तिच्यावर उजवं क्लिक केलं की उंचीचा आलेख काढून मिळतो. पण तो आधी झाकून ठेवला आणि विचारलं, "कासला जाताना कुणाला मळमळतं?" अर्धा वर्ग. "कुठे?" "यवतेश्वरच्या घाटात." "आणि कासला पोचल्यावर?" "तिथं काय न्हाय, सपाटच हाय." "मग जास्त उंच काय? घाट की कास?" इथे भांडण लागलं. ते पुरतं पेटू दिलं आणि मग आलेख उघडला. आधी झपकन चढ, पुढे लांबच लांब पठार, आणि पठार घाटापेक्षा वर. त्या आलेखातही उंची ताणलेलीच असते, कारण आडवे किलोमीटर आणि उभे मीटर एकाच चौकटीत बसवायचे असतात. या वेळी ते मी आधीच सांगून टाकलं. शेरडंवाल्यानं मान डोलावली.

'घरी व्हिडिओ बघून या' म्हणू नका

बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, दीक्षा ॲपनं ते स्कॅन केले की त्या पाठाचं साहित्य उघडतं. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ सोलापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळाला, त्यामागे क्यूआर कोडची पुस्तकं हे मोठं कारण होतं. चांगली सोय आहे. पण गृहपाठ देण्याआधी वर्गात चौकशी करा. आमच्याकडे मोबाइल बहुतेक घरांत होता, पण तो वडलांचा. ते रात्री आठ-नऊला घरी येणार, रिचार्ज असेल तर असेल, आणि मोठ्या भावाचा नंबर आधी. दुसऱ्या दिवशी 'कुणी बघितलं?' विचारलं की खाली गेलेल्या माना मोजाव्या लागतात. तो व्हिडिओ वर्गातच दोन मिनिटं दाखवा, मध्ये थांबवून पुढे काय होईल ते विचारा. कोड आदल्या दिवशी स्वतः स्कॅन करून पूर्ण बघा.

पाठ संपल्यावर प्रोजेक्टर लगेच बंद करून मुख्य बटण दाबू नका, पंखा थांबेपर्यंत थांबा. मग वहीत सही करून मुख्याध्यापकांच्या कपाटात. तुमचा कन्व्हर्टर प्रोजेक्टरच्याच पिशवीत जात नाही ना, बघा.

आणि बटाट्याचे काप त्याच दिवशी मोजून गोळा करा. आमच्याकडे एका गटानं 'डोंगर' बाकाच्या कप्प्यात जपून ठेवला होता. शनिवार-रविवार मध्ये आला. सोमवारी पहिल्या तासाला गणिताचे सर खिडक्या उघडत फिरत होते.