ग्लासात बिअर कमी, फेसच जास्त?
घरच्या बिअर डिस्पेन्सरमधून नुसता फेस येऊ लागला की पहिला हात गॅसच्या रेग्युलेटरकडे जातो. थांबा. बहुतेक वेळा दोष तापमानाचा असतो. बिअर जितकी कोमट, तितका तिच्यातला कार्बन डायऑक्साइड लवकर सुटतो.

डिस्पेन्सरवरचा आकडा आतल्या हवेचा असू शकतो, बिअरचा नव्हे. म्हणून एक ग्लास भरून दुसऱ्या भांड्यात ओता, लगेच त्याच ग्लासात दुसऱ्यांदा बिअर भरा आणि त्यात थर्मामीटर बुडवा. ३ ते ४ अंश सेल्सिअस दिसायला हवं. ७-८ दिसलं तर बाकी काही तपासू नका, आधी थंड करा. नवा केग (बिअरचं पिंप) आत ठेवल्यावर पूर्ण गार व्हायला एक दिवस सहज लागतो. संध्याकाळी पाहुणे आणि दुपारी केग आणला, तर फेसच प्यावा लागेल!

फक्त पहिलाच ग्लास फेसाळतो आणि पुढचे नीट येतात? मग केग ठीक आहे, वरचा नळ आणि त्याच्या खांबातली नळी तापलेली आहे. छोटा पंखा लावून आतली गार हवा खांबात सोडली की फरक पडतो.

एवढं करूनही फेस राहिला तरच रेग्युलेटरवरचा गॅसचा दाब बघा. साध्या लागर बिअरला १० ते १२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) पुरतो. फेस दिसला म्हणून दाब फार उतरवू नका. गॅस नळीतच सुटून बुडबुडे होतात, फेस उलट वाढतो. आणि नळ अर्धवट नको, झटक्यात पूर्ण उघडा.