साध्या आराखड्यावरून बाकडं: कुठलं माप बदलायचं, कुठलं नाही

घरी पहिल्यांदा फर्निचर करायचं तर बाकड्यापासून सुरुवात करावी. त्यात दार नाही, ड्रॉवर नाही, बिजागरी नाही. तरीही पाय, चौकट, बैठक आणि काटकोन या चारही गोष्टी त्यात येतात, आणि त्या जमल्या की टेबल, स्टूल, चपलांची मांडणी यांतलं काहीच अवघड राहत नाही. इथला आराखडा ११०० मिमी लांब, ३१० मिमी रुंद आणि ४५० मिमी उंच बाकड्याचा आहे. दोन माणसं आरामात बसतील.

तुकडे असे कापायचे (लांबी × रुंदी × जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये):

- पाय: ४ नग, ४२५ × ५० × ५०
- लांब पट्ट्या: २ नग, ९०० × ९० × २५
- वरच्या आखूड पट्ट्या: २ नग, २४० × ९० × २५
- खालच्या आखूड पट्ट्या: २ नग, २४० × ५० × २५
- मधला आधार: १ नग, २४० × ५० × २५
- बैठक अडकवायच्या काठ्या: २ नग, २३५ × २५ × २५
- ठोकळे: २ नग, ५० × २५ × २५
- बैठकीच्या फळ्या: ३ नग, ११०० × १०० × २५

स्क्रू ४ मिमी जाडीचे, चपट्या डोक्याचे: ६० मिमी लांबीचे २४ आणि ४० मिमीचे २७. दोन्ही थोडे जास्तच आणा, एखाद्याचं डोकं घासलं जातंच. शिवाय लाकडाचा पांढरा डिंक, किमान दोन क्लॅम्प, गुण्या, ड्रिल आणि करवत. लाकूड घेताना बेरजेपेक्षा साधारण दहा टक्के जास्त घ्या. मशीनची करवत प्रत्येक कापाला सुमारे ३ मिमी लाकूड खाते, आणि फळीच्या टोकाला बहुतेकदा तडा असतो, तो कापून टाकावा लागतो.

कापण्याआधी

फळी डोळ्यासमोर धरून लांबीच्या दिशेने बघा. नुसता बाक असेल तर चालवून घेता येतं: लांब पट्टीचा फुगीर काठ वर ठेवायचा, म्हणजे वजन आल्यावर ती सरळ होते. पीळ असेल, म्हणजे एक कोपरा वर आणि समोरचा खाली असेल, तर ती फळी पायांना किंवा लांब पट्ट्यांना वापरू नका. स्क्रू आवळून पीळ निघत नाही. तो सगळ्या सांगाड्यात उतरतो आणि बाकडं तीन पायांवर उभं राहतं. अशा फळीतून आखूड तुकडे काढा. २४० मिमीत पीळ जाणवत नाही.

लाकूड ज्या खोलीत काम करणार तिथे दोन आठवडे ठेवा. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या बारीक पट्ट्या घाला, म्हणजे चारही बाजूंनी हवा लागेल. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. पुढे सांध्यांना पडणाऱ्या बऱ्याच भेगांचं मूळ या एका गोष्टीत असतं.

मग जाडी मोजा. आराखड्यात २५ लिहिलंय म्हणून हातातली फळी २५ची असेलच असं नाही. रंधा मारलेली फळी सहसा सांगितलेल्या मापापेक्षा ३ ते ५ मिमी पातळ भरते. समजा ती २२ भरली. आखूड पट्ट्या २४०च राहतात, कारण त्या पायांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर आहेत. बाकड्याची उंची ४४७ होते, त्याने काही बिघडत नाही. पण ४० मिमीचा स्क्रू २२च्या काठीतून बैठकीत १८ मिमी शिरतो आणि वर फक्त ४ मिमी लाकूड उरतं. डोकं थोडं खोल बसलं की टोक बैठकीतून वर येणार. अशा वेळी ३५चे स्क्रू घ्या. एक माप बदललं की ते कुठल्या कुठल्या तुकड्यांना लागतं हे आधी कागदावर पाहायचं, आणि मगच करवत हातात घ्यायची.

सारख्या लांबीचे तुकडे प्रत्येक वेळी टेप लावून कापू नका. एक तुकडा नीट मोजून कापा, करवतीपासून तेवढ्या अंतरावर एक ठोकळा घट्ट बसवा आणि बाकीचे त्याला टेकवून कापा. चारही पाय अर्धा मिलिमीटर लहान निघाले तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. एकच निघाला तर बाकडं आयुष्यभर डुगडुगेल.

सांगाडा

दोन पाय समांतर ठेवा, बाहेरून बाहेर २४० मिमी. वरची आखूड पट्टी पायांच्या आतल्या अंगाला, म्हणजे बाकड्याच्या मध्याकडे तोंड असलेल्या बाजूला, वरच्या काठाशी समपातळीत बसवा. खालची पट्टी तिची खालची कड जमिनीपासून १०० मिमीवर येईल अशी. डिंक, क्लॅम्प आणि प्रत्येक सांध्याला ६० मिमीचे दोन स्क्रू.

पट्टी दोन पायांच्या मधोमध अडकवून बाहेरून पायातून स्क्रू का नाही? कारण तो स्क्रू पट्टीच्या टोकात, लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरतो. तिथे आटे रेषांना आडवे कापत नाहीत, त्यांच्यामधून फक्त वाट काढतात, आणि वर्षभराच्या बसण्या-उठण्यात सांधा सैल होतो. डिंकही तिथे शोषला जाऊन कोरडा पडतो. अंगाला अंग लावून केलेला सांधा दिसायला साधा, पण सालकुसूच्या सांध्याशिवाय (एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवतात तो) घरी जमण्यासारखा हाच भक्कम.

भोक पाडण्याचं काम घाईत उरकू नका. वरच्या तुकड्यात ४.५ मिमीचं आरपार भोक, म्हणजे स्क्रू त्यात मोकळा फिरेल. खालच्या तुकड्यात मऊ लाकडाला २.५ आणि कठीण लाकडाला ३ मिमीचं. वरच्या तुकड्यातही आटे पकडले तर दोन तुकड्यांमध्ये बारीक फट राहते आणि कितीही आवळली तरी मिटत नाही. लोक अशा वेळी स्क्रूला दोष देतात, चूक भोकाची असते. काठापासून १५ मिमीच्या आत भोक पाडलं तर लाकूड फाटतं.

वरच्या आखूड पट्टीचे स्क्रू पायाच्या माथ्यापासून २० आणि ६० मिमीवर घ्या. लांब पट्टीचे ४० आणि ७५ मिमीवर. दोन्हीकडून आलेले स्क्रू ३५ मिमी आत शिरतात आणि पाय फक्त ५०चा आहे. एकाच उंचीवर घेतले तर ते आत एकमेकांवर आदळतात, दुसरा स्क्रू अर्ध्यावर अडतो, जोर लावला की तुटतो, आणि तुटलेला तुकडा बाहेर काढायला अर्धा पाय पोखरावा लागतो. लांब पट्टीचे दोन स्क्रू एकाखाली एक न घेता तिरके घ्या. एकाच रेषेत घेतले तर लाकूड त्या रेषेवर चिरतं.

दोन्ही बाजूंच्या चौकटी तयार झाल्या की लांब पट्ट्या पायांच्या बाहेरच्या अंगाला लावा, टोकापासून टोकापर्यंत ९००. सगळे स्क्रू आवळण्याआधी माथ्याचे दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीपेक्षा जास्त असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून हळू आवळा आणि पुन्हा मोजा. डिंक ओला असेपर्यंतच हे करता येतं. गुण्या एका कोपऱ्याचं सांगतो, कर्ण सगळ्या चौकटीचं सांगतात. मग सपाट जागेवर उभं करून बघा, आणि तसंच रात्रभर ठेवा. क्लॅम्प तासाभराने काढले तरी चालतं, वजन २४ तास देऊ नका.

बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने फासत बसू नका. तो लाकडाच्या छिद्रांत जातो आणि तेल लावल्यावर पांढुरका डाग होऊन उमटतो. अर्ध्या तासाने चिकासारखा घट्ट झाला की पटाशीने अख्खा उचलून काढा.

बैठक

काठ्या वरच्या आखूड पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, माथ्याशी समपातळीत, डिंक आणि ४०चे तीन-तीन स्क्रू लावून बसवा. ठोकळे लांब पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर, आतून, माथ्यापासून २५ मिमी खाली, दोन-दोन स्क्रूंनी. मधला आधार त्यांच्यावर आडवा टाकून वरून एकेक स्क्रू. इथेही टोकात स्क्रू मारणं टळलं.

आता फळ्या. मध्ये ५ मिमीची फट, दोन्ही टोकांना सारखी १०० मिमी बाहेर. फळ्यांना डिंक लावायचा नाही. हवेतल्या ओलाव्याने त्या रुंदीत फुगतात आणि आकसतात. डिंकाने जखडल्या तर फाटतात. खालून काठीतून प्रत्येक फळीला दोन स्क्रू, एकमेकांपासून ५० मिमीपेक्षा लांब नाहीत. कडेच्या फळ्यांसाठी ते लांब पट्टीपासून २५ आणि ५० मिमीवर येतात. जागा अडचणीची आहे, लांब बिट वापरा. मधल्या आधारावर प्रत्येक फळीला एकच स्क्रू, कडेच्या फळ्यांना ठोकळा चुकवून ४५ मिमीवर. एकसंध ३१० मिमीची रुंद फळी मिळाली तर मोह होईल, पण तिला काठीत स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच लागते. पहिल्या कामाला तीन फळ्याच बऱ्या.

आपल्या सोयीचं करताना

उंची बदलणं सगळ्यात सोपं: फक्त पाय बदला. मोठ्यांच्या बैठकीला ४३० ते ४५० मिमी ठीक. टेबलाशी ठेवायचं असेल तर टेबलाच्या उंचीतून २८० ते ३०० वजा करा.

लांबी मात्र जपून वाढवा. मध्यावर बसलेल्या माणसाच्या वजनाने पट्टी किती वाकते हे लांबीच्या घनावर ठरतं. लांब पट्टी ९००ची १३५० केली, म्हणजे दीडपट, तर वाकणं जवळजवळ साडेतीन पट होतं. उपाय जाडीत नाही, उंचीत आहे: तीच पट्टी ९०ऐवजी ११० उंच घेतली की ताठपणा सुमारे १.८ पट वाढतो. १३५०ला १४० उंच पट्टी आणि एकाऐवजी दोन आधार हवेत. पट्टी उंच केली की स्क्रूंच्या जागाही पुन्हा आखा. बैठक पायांच्या बाहेर १५० मिमीपेक्षा जास्त काढू नका, टोकाशी बसणाऱ्याखाली बाकडं उलटतं.

चपला ठेवायच्या असतील तर खालच्या आखूड पट्ट्यांवर फळ्या टाका, लांबी ८००, म्हणजे ९००मधून दोन पायांची जाडी वजा. पाय जाड घेतले तर हे माप बदलतं. पाठ हवी असेल तर वेगळा आराखडा घ्या. मागे दोन काठ्या ठोकून पाठ होत नाही. रेलणाऱ्या माणसाचा सगळा जोर त्या दोन सांध्यांवर येतो. मागचे पाय अखंड वरपर्यंत गेले पाहिजेत.

बाहेर अंगणात ठेवणार असाल तर डिंक पाण्याला टिकणारा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) जास्त असलेल्या लाकडात साधं लोखंड ओलाव्याने काळे डाग पाडतं. पायांची खालची टोकं आधी सील करा, पाणी तिथूनच वर चढतं.

शेवटचा हात

८० नंबरचा पॉलिश पेपर फक्त करवतीच्या खुणांपुरता, मग १२०, मग १८०, नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा घासला तर ओरखडे तेल लावेपर्यंत दिसत नाहीत, नंतर एकेक मोजता येतात. कडा ३ मिमी गोल करा. धारदार कडेवर रंग किंवा वार्निश टिकत नाही, पहिल्यांदा तिथूनच निघतं, आणि मांडीला टोचतं ते वेगळंच.

जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एवढं करून डुगडुगलंच, तर हवेतल्या पायाखाली कागदाच्या घड्या घालून बाकडं स्थिर करा. घड्यांची जाडी मोजा, बाकीच्या तीन पायांवर तळापासून तेवढ्या अंतरावर खूण करा आणि तिथपर्यंत घासा. आखूड पायाला हात लावायचा नाही.