इंदूरच्या उन्हाळ्यात ऑफिससाठी लिनन शिवून घेताना

इंदूरचा उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो, दुपारी लू वाहते आणि घाम अंगावर टिकायच्या आत सुकतो. या हवेला लिननसारखं कापड नाही, पण ते अंगाला घट्ट बसलेलं नको. लिननचा तंतू तुटेपर्यंत ओढला तरी जेमतेम २-३ टक्के लांबतो. सुती तंतू याच्या दुपटीहून जास्त ताण देतो. अंगाबरोबर शिवलेला लिननचा शर्ट म्हणूनच काखेत धरतो, पाठीत ओढतो आणि वारा आत येऊ देत नाही. पैसे लिननचे जातात आणि सुख टेरिकॉटचं मिळतं. त्यामुळे कापडाइतकाच, खरं तर थोडा जास्तच, विचार मापाचा करा.

आधी वेळ गाठा. कापड फेब्रुवारीत घ्या आणि लगेच शिवायला टाका. रंगपंचमीला राजवाड्याच्या भागात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी तिकडे खरेदीचं नाव काढायचं नाही. अक्षय तृतीयेच्या आगेमागे लग्नसराईची शिलाई येते, तेव्हा तुमचा साधा ऑफिसचा शर्ट मास्टरांच्या ढिगात सगळ्यात खाली जातो.

कापड बघताना

एम.टी. क्लॉथ मार्केट आणि सीतलामाता बाजार या भागात थान उलगडून बघता येतं, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा : किती ‘ली’चं आहे? लिननच्या धाग्याची जाडी या मापात सांगतात. एक ली म्हणजे एका पौंडात ३०० यार्ड धागा. ६० ली म्हणजे त्याच एका पौंडातून १८,००० यार्ड. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक. शर्ट-कुर्त्यासाठी ६० ली बेताचं. पँटसाठी २५ ते ४० ली घ्या, म्हणजे कापड वजनदार भरतं आणि सुरकुत्या मोठ्या, मऊ पडतात. शर्टाच्या पातळ कापडाची पँट शिवली तर बारापर्यंत तिचा चुरगळलेला कागद होतो.

‘लिनन लूक’ आणि ‘लिनन फिनिश’ या नावाखाली बहुधा पॉलिस्टर किंवा रेयॉन असतं. खऱ्या लिननच्या धाग्यात मधेच जाडसर गाठी दिसतात, पण त्या एका ठरावीक अंतरावर नसतात. कापड मुठीत दाबून सोडा : लिननवर ठसठशीत चुणी राहते, पॉलिस्टर पुन्हा सरळ होतं. शंका असेल तर काठाचे दोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. लिनन कागदासारखं जळून मऊ राख होतं, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. सूत, रेयॉन आणि लिनन यांतला फरक मात्र या परीक्षेत कळत नाही, तिथे गाठी आणि स्पर्शावरच भिस्त.

मिश्रणाला नाक मुरडू नका. स्कूटरवरून सुपर कॉरिडॉरवरचं ऑफिस गाठायचं आणि मग दिवसभर खुर्चीत बसायचं असेल, तर पँटसाठी कॉटन-लिनन मला शुद्ध लिननपेक्षा बरं वाटतं. शर्ट मात्र शुद्धच घ्यावा.

(लिनन अळशीच्या खोडातल्या तंतूचं बनतं. मध्य प्रदेशात अळशी भरपूर पिकते, मग लिनन इथलंच का नाही, असं कुणी विचारतं. आपली अळशी तेलाची, बुटकी आणि फांद्या फुटलेली. धाग्याची जात उंच आणि सरळ वाढते. तिचा तंतू मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून येतो.)

रंगाचं थोडक्यात : आकाशी, फिकट करडा, बदामी. पांढरी पँट दुचाकीवाल्यांनी टाळावी. पांढरा शर्टही सकाळचे पोहे खाऊन निघणाऱ्यांनी जपूनच घालावा, हळदीचा डाग लिननवरून लवकर निघत नाही.

कापायच्या आधी पाणी

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. लिनन पहिल्या धुण्यात आटतं, कधी ३-४ टक्के, कधी त्याहून जास्त. दीड मीटरात ५-६ सेंटिमीटर सहज जातात. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा आणि मग टेलरकडे न्या. आटण्याचा हिशेब धरून ५८ इंच पन्ह्याचं कापड फुल शर्टला पावणेदोन मीटर, पँटला १.४० मीटर घ्या. अंगानं भारी असाल तर त्याहून जास्त.

माप आणि शिलाई

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तुमचा एखादा ढगळ पण आवडता सुती शर्ट सोबत नेणं. तोंडी मापापेक्षा मास्टर कापडी नमुन्यावर जास्त विश्वास ठेवतात. छातीच्या मापावर पाच-सहा इंच सैल ठेवायला सांगा, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) थोडा खोल, बाही अर्धा इंच लांब, कारण कोपरात चुण्या पडल्या की ती वर चढते. कमरेत टाचण्या लावून ‘शेप’ देण्याचा मोह त्यांना होणारच, तेव्हा स्पष्ट म्हणा, “मास्टरजी, इसमें शेप मत देना, सीधा रखना.”

पँटला पुढे एक प्लीट हवीच. मांडीत आणि मागे सैल ठेवा. घट्ट पँटमध्ये बसताना शिवणीजवळचे धागे सरकतात आणि कापड तिथे विरतं. मागच्या शिवणीत एक-दीड इंच कापड दाबून ठेवायला सांगा, पुढे उपयोगी पडतं.

लिननच्या कडा सुटतात, म्हणून आतून इंटरलॉक किंवा दुहेरी शिवण घ्या. कॉलर-कफला आत मऊ बकरम (ताठपणासाठी घालायचं कापड). त्याऐवजी इस्त्रीनं चिकटणारं कडक फ्यूजिंग लावलं आणि कापड आधी आटवलेलं नसेल, तर दोन धुण्यांत कॉलरवर फुगे येतात. एसी ऑफिससाठी जॅकेट शिवायचं असेल तर अस्तर फक्त खांद्याला आणि बाहीला. अंगभर पॉलिस्टरचं अस्तर म्हणजे लिननवर पाणी सोडणं. फिकट कुर्ता पारदर्शक वाटला तर आत मलमलचं अस्तर लावा, क्रेप किंवा सॅटिन नको. तेही आधी भिजवून.

ट्रायलला उभं राहून आरशात बघणं पुरेसं नाही. खुर्चीत बसा, हात स्कूटरच्या हँडलवर धरल्यासारखे पुढे करा, वाकून बूट बांधा. पाठीत ओढ बसली तर तिथेच सांगा.

वापरताना

इस्त्रीवाल्याला बजावा की पाणी शिंपडून इस्त्री करायची आणि पँटची धार दर वेळी त्याच रेषेवर दाबायची नाही. कडक घडी एकाच जागी पडत राहिली तर तंतू तिथे तुटतात, गडद रंग तर आधी तिथेच पांढरट होतो. खळ अगदी हलकी चालेल. जूनच्या शेवटी पाऊस लागला की हे कपडे खळ पूर्ण धुऊन, खडखडीत वाळवून हँगरला लावा. खळ राहिली तर कपाटात कसर लागते.