खाडीत पहिल्यांदा कयाक घालण्याआधी

नवशिक्याची कयाक कोकणातल्या खाडीत उलटली म्हणून सहसा फार काही बिघडत नाही. पाणी कोमट असतं, काठ दिसत असतो. घात होतो तो परतताना. ओहोटी मुखाकडे ओढत असते, वारा उठलेला असतो आणि हातांत त्राण उरलेलं नसतं. म्हणून सामानाच्या आधी भरतीची वेळ काढा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दशमीला साडेसात. मुंबई-रायगडकडे हा हिशेब बराच जुळतो. मालवण-गोव्याकडे पाणी थोडं आधी भरतं, तिथे त्या गावाचं वेळापत्रक बघा आणि धक्क्यावरच्या कोळ्यांना विचारा. भरती ओसरायला साधारण ६ तास लागतात, पण निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासातच जातं, तेव्हा ओढ सर्वांत जास्त असते. पहिल्या फेरीसाठी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी भरतीचे दिवस धरा. रायगडच्या खाडीत दशमीला साडेसहाला निघा, भरतीबरोबर आत, वरच्या अंगाला जा, आणि पाणी फिरलं की ओहोटीच्या अंगाने परत या. दहाच्या आत बोट काठावर हवी. मुखाकडे जाऊच नका: समुद्रावरचा वारा आणि बाहेर पडणारी ओहोटी समोरासमोर आली की तिथे आखूड, उभ्या लाटा फुटतात. पावसाळ्यात खाडीत उतरायचंच नाही.

आता लाइफ जॅकेट. लेबलवर किमान ५० न्यूटन लिहिलेलं असावं. भाड्याचं असेल तर फोम दाबून बघा. दबलेला फोम परत फुगत नसेल तर दुसरं मागा. सगळे बकल लावून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर खेचायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. पाण्यात ते तोंडावर येईल आणि तुम्ही खाली राहाल. जॅकेट मांडीखाली ठेवून वल्हवणाऱ्यांना उलटल्यावर ते घालता येत नाही.

शिकायला वर बसायची, उघडी कयाक बरी. पाण्यात ढकलण्याआधी मागच्या टोकाचं बूच घट्ट आहे ना ते हाताने तपासा. ते सैल असलं की पोकळीत हळूहळू पाणी शिरतं, बोट डुलायला लागते, आणि बसणाऱ्याला वाटतं आपलाच तोल जातोय. वल्हं २२० ते २३० सेंटिमीटरचं घ्या, बोट फार रुंद असेल तर २४०. पात्याची पोकळ बाजू आपल्याकडे आणि लांब कड वर हवी. वल्हं उलटं धरणं ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक. त्यात दम वाया जातो.

पायात पट्ट्याचे, बंद बोटांचे बूट घाला. कांदळवनाच्या मुळांना आणि खडकांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात, चपला चिखलात राहतात. दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्या. शिट्टी आणि जलरोधक पाकिटातला फोन जॅकेटलाच बांधा. बोट हातची सुटली तर तिच्यातलं सामानही जातं. शिट्टीचे तीन आवाज म्हणजे मदत हवी. फोनमध्ये ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ साठवा. वल्ह्याची दोरी बोटीला बांधा, अंगाला कधीच नाही.

निघण्याआधी छातीभर पाण्यात मुद्दाम उलटा. पालथ्या बोटीच्या मध्याशी जा, तळावरून हात टाकून पलीकडची कड धरा, गुडघा अलीकडच्या कडेला रेटून मागे झुका. बोट सरळ होते. मग पाय मागे पृष्ठभागावर आणून जोराने मारा, पोट बोटीवर आडवं घ्या, कुशीवर वळून बसा, पाय शेवटी आत. हात टेकवून उभं चढायला गेलात तर बोट पुन्हा अंगावर येते. सलग तीन वेळा जमेपर्यंत खोल पाण्यात जाऊ नका.

जाळ्यांचे खांब आणि नांगरलेल्या होड्या यांच्यापासून लांब राहा. ओढीने बोट खांबावर आडवी दाबलीच, तर खांबाकडेच झुका आणि त्याला धरून बोट पुढे सरकवा. मन उलट्या बाजूला झुकायला सांगतं. तसं केलं की प्रवाह येतो त्या बाजूची कड बुडते आणि बोट खांबाला घट्ट चिकटून बसते.

काठावरच्या एका माणसाला मार्ग, परतायची वेळ आणि त्यानंतर किती मिनिटांनी फोन फिरवायचा ते सांगून मगच वल्हं पाण्यात घाला.